खेचराचा पट्टा

दि. ४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हॉस्पिटलच्या नोकरीतून एक दिवस सुट्टी मिळाली, तशी ते युद्धस्मारक पाहून आले. पणजोबा दारूगोळ्याची खेचरं हाकता हाकता जिथं तोफेच्या माऱ्यात गेले, तेच मैदान. आता नुसतं गवत आहे. भिंतीवर हजारो नावं आहेत, पणजोबांचं नाही. तिथल्या व्यवस्थापकानं गोड आवाजात समजावलं, की बंदूकवाल्यांचीच नावं कोरतात, सामान वाहणाऱ्यांची नाही. आणि आत्या, दारातच खेचराचा भलामोठा पितळी पुतळा! माझं डोकंच फिरलं.

जेवणखाण वेळेवर करते, काळजी नको.

तुझी भिंगरी

दि. १९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. खेचराला मान, आणि त्याला चारा घालणाऱ्याला नाही? आजोबा गेले तेव्हा माझे वडील पाळण्यात होते. बापाचा साधा फोटो नाही, हाती आलं ते नाव. तेही यांनी गिळायचं?

मी जन्मभर चामडं शिवलंय, रडत बसणारी नाही. सोबत पट्टा पाठवते. दुहेरी शिवण आहे आणि आजोबांचं नाव खोल ठोकलंय. घाल खेचराच्या गळ्यात. तुझे आतोबा म्हणतात, पोरीला तुरुंगात धाडशील. त्यांना म्हटलं, चहा प्या गपचूप.

अंगावर गरम घालत जा. आशीर्वाद आहेतच.

तुझी आत्या

दि. ११ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अगं, तू माप खऱ्या खेचराचं घेतलंस! हे दीडपट आहे. पट्टा गळ्याला पुरेना, म्हणून पुढच्या पायात बांधला. व्यवस्थापकानं दोनदा सोडून माझ्या हातात दिला, मी दोनदा परत बांधला. तिसऱ्यांदा नेमकी मानवंदना चालू होती. स्मारकाचे मोठे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, की तो काढा. मी म्हटलं, "आधी भिंतीवर नाव कोरा. मग मीच काढते."

साहेबांनी कोरायचं कबूल केलेलं नाही, पण पट्टा अजून जागेवर आहे.

पाहुण्यांतली एक म्हातारी नंतर जवळ आली. तिचे आजोबाही इथं सामान वाहता वाहता गेले, तेही भिंतीवर नाहीत. तिनं त्यांचं नाव माझ्या तळहातावर लिहिलं. वळून पाहते तर तिच्यामागे आणखी दोघं उभे.

नावं पाकिटाच्या मागे उतरवली आहेत. आता पट्टा गळ्याच्या मापाचा कर, आणि चांगला रुंद काप.

आतोबांना नमस्कार. माझ्यावरची माया आणि तुझा राग, दोन्ही असेच राहू देत.

तुझी भिंगरी