इनले तलावावरचं घर

रुवी, मस्कत
७ फेब्रुवारी २०१६

प्रिय आई,

सप्रेम जयभीम.

म्यानमारहून आल्यावर तुम्हाला नुसतं "छान झालं" एवढंच बोलले होते. आज नीट सांगते.

यशूच्या डिसेंबरच्या सुट्टीत इथले आपले चौदा जण गेलो. लोकेश असताना तीनदा ठरलं आणि तीनदा राहिलं. रंगूनच्या मोठ्या पॅगोड्यात तुमच्या नावानं फुलं वाहिली आणि मग इनले तलावावर गेलो. आई, तिथं अख्खं गाव पाण्यात उभं आहे! तळाच्या चिखलात सागाचे, बांबूचे खांब रोवलेले, त्यावर घरं, शाळा, विहार. शेजारणीकडे मीठ मागायला जायचं तरी होडी काढायची. यशू म्हणाली, "मम्मी, ह्या घरांना लेग्ज आहेत!" तिचं मराठी हे असं झालंय, रागावू नका.

कमळाच्या देठातून सूत काढून कापड विणतात, ते बघायला एका घरी उतरत होतो. शिडीवर यशूचा पाय सटकला आणि ती पाण्यात गेली. मी नुसती किंचाळले. अतुलनं बूट, मोबाइल, चष्म्यासकट उडी मारली. पाणी त्याच्या छातीएवढंच निघालं, पण ते उडी मारताना कुणाला माहीत होतं? त्याला पोहता येत नाही.

अतुल तुम्हाला आठवतोच. रुसैलच्या कारखान्यात लोकेशबरोबर होता. लोकेशला शेवटचं घरी घेऊन नागपूरला तोच आला, आणि दिवसभर तुमच्या पायाशी बसून राहिला.

त्या घरातल्या आजींनी यशूला कोरड्या लुंगीत गुंडाळून चुलीजवळ बसवलं, आम्हाला चहा दिला. गाइडमार्फत मला विचारलं, हा मुलीचा बाप ना? मी म्हटलं, नाही, माझा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. आजींनी माझा कप पुन्हा भरला. मग जाळं शिवत बसलेल्या एका माणसाकडे बोट दाखवून म्हणाल्या, माझाही मुलगा गेला, वादळात होडी उलटून. हा सुनेचा दुसरा नवरा. तो आला तेव्हा नवे खांब रोवून एक खोली वाढवली आम्ही. गाइडनं विचारलं, मग हा तुमचा कोण? आजी हसल्या. "मुलगाच की. दुसरं काय म्हणू?"

मी मान वर केली नाही. अतुल शर्ट पिळत होता, त्यानंही ऐकलं.

परवा शुक्रवारी समुद्रावर यशू सायकल चालवत होती, तेव्हा त्यानं मला लग्नाचं विचारलं. म्हणाला, "घाई नाही. तू नाही म्हणालीस तरी यशूला शाळेतून आणायचं मी थांबवणार नाही." मी म्हटलं, आधी आईंना सांगेन. तो म्हणाला, "मीही तेच सांगणार होतो."

आई, माझं मन हो म्हणतंय. लोकेश त्यातून कुठं गेलेला नाही, जाणारही नाही. लोकांची मला भीती वाटत नाही. पण माझी आई मी लहान असतानाच गेली, 'आई' अशी हाक मी लग्नानंतर तुम्हालाच पहिल्यांदा मारली. ती हाक मारायचा हक्क जाईल, एवढीच धास्ती आहे. फोनवर विचारलं असतं तर मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही लगेच "हो गं बाई" म्हणाला असता आणि फोन ठेवून एकट्या रडला असता. म्हणून हे पत्र. सावकाश वाचा. रडावंसं वाटलं तर रडा, माझ्यावर रागवा. आणि मग जे खरं वाटेल तेच मला सांगा.

तुमचीच,
प्रणाली