दोन डोळ्यांचा फोटो

बाबा, मानकोलीच्या मैदानावरून घरी येऊन बराच वेळ झाला, पण मी अजून कॅमेऱ्याची बॅगसुद्धा उघडलेली नाही. चहा केला, तो ओट्यावरच गार झाला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हल्ली तुमची आठवण आली तरी शांतपणे येते, जरा वेळ बसते आणि निघून जाते. आज तसं झालं नाही. आज कुणीतरी फाडकन कानाखाली वाजवावी तसं झालंय, आणि ज्याने वाजवली तो माणूस हसत होता, मला ‘पोरी’ म्हणत होता, हे त्याहून वाईट. ज्यांना जाब विचारायचा ते तुम्ही आता नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी काय करते ते आधी सांगते, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी नुसती तुमच्यावर चिडलेली मुलगी होते. दिवसा लग्नं, साखरपुडे, बारशी करते. दिवाळी उलटली की गावोगावच्या सामन्यांचा मोसम लागतो आणि माझ्या संध्याकाळी कबड्डीला जातात. राहनाळ, वडपे, मानकोली, जिथे तुमच्या वेळी भाताची खाचरं होती तिथे आता गोदामंच गोदामं आहेत, आणि दोन गोदामांच्या मधल्या मोकळ्या जागेत मॅट अंथरून, चार कोपऱ्यांना एलईडी टांगून सामने होतात. बघणाऱ्याला दिवाळी वाटते. कॅमेऱ्याला विचाराल तर अंधारच. चढाईला आलेली पोर क्षणभर थांबत नाही. शटर जरा हळू ठेवला की तिचे हात धुरासारखे उमटतात, वेगात ठेवला की फोटो काळा. त्यात हे एलईडी आपल्या नजरेला कळणार नाही असे लुकलुकतात, त्यामुळे एक फोटो सोनेरी आणि लगेचचा मातकट. म्हणून मी एक मोठ्या तोंडाची टेलिफोटो लेन्स घेतली आहे, सेकंडहँड, वजनाला गव्हाच्या पिठाच्या डब्याएवढी. एका पायाच्या स्टँडवर ती टेकवते, मैदानाच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत बसते आणि लांबूनच फोटो काढते. जमले तर चार जमतात, बाकीचे केराच्या टोपलीत.

फ्लॅश मात्र मारत नाही. आयोजक मागे लागतात, “मॅडम, एक फ्लॅश मारा ना, भारी येईल.” मी त्यांना तुमचं सांगते. माझे वडील खेळाला कधी फ्लॅश वापरत नसत, म्हणते. रात्र रात्रीसारखीच दिसली पाहिजे असं त्यांचं मत होतं. हे तुमचं मत मी कुठून आणलं, देव जाणे. तुम्ही असं कधी बोलला नव्हतात. पण सांगून सांगून मला ते खरंच वाटायला लागलं, आणि आता मी एका कॉलेजात फोटोग्राफी शिकवायला जाते तेव्हा पहिल्या तासाला हेच सांगते. मुलं वहीत लिहून घेतात.

लहानपणी मात्र मला तुमची लाज वाटायची, बाबा. लग्नात तुमचा फ्लॅश धडाधड उडायचा आणि सामन्यात तुम्ही हातच लावायचा नाहीत त्याला. हॅलोजनच्या पिवळट उजेडात तुम्ही काढलेल्या फोटोंत खेळाडू म्हणजे नुसते फराटे. मंडळाची पोरं स्टुडिओत येऊन अल्बम उलटसुलट करून बघायची आणि विचारायची, “यातला आमचा कोणता?” पुढच्या नाक्यावरच्या स्टुडिओवाल्याने फ्लॅश मारून चकचकीत फोटो द्यायला सुरुवात केली आणि सामन्यांचं काम तिकडे गेलं. तुम्ही एका शब्दाने हरकत घेतली नाहीत. स्वयंपाकघरात लाल बल्ब लावून, आईच्या परातीतल्या औषधात तुमचे ते काळेकुट्ट प्रिंट बुडवत राहिलात. आई ती परात घासघासून घ्यायची आणि तरी भाकरीला औषधाचा वास यायचा. रविवारी संध्याकाळी मात्र तुम्ही घरी नसायचात. “मानकोलीला जाऊन येतो,” एवढंच सांगायचात. “मानकोलीला कोण ठेवलीय, विचार तुझ्या बापाला,” असं आई मला म्हणायची, अर्धं हसत आणि अर्धं नाही.

दहावी झाले तेव्हा तुम्ही मला छोटा कॅमेरा दिलात. त्याच्या कोपऱ्यातल्या फ्लॅशवर तुम्ही काळी टेप गुंडाळली होती, अगदी नीट, कडा नखाने दाबून. मी विचारलं, हे काय? “लग्नाला जाशील तेव्हा काढ,” म्हणालात. ती टेप मी कधीच काढली नाही. आजही कॅमेरा कपाटात तसाच आहे, आणि मी लोकांना तो कौतुकाने दाखवते.

आणि एक दिवस आठवतो, तो तुम्हालाही आठवत असणार. मी कॉलेजात होते. स्टुडिओच्या माळ्यावर जुन्या पेपरच्या खोक्यात मला एक फोटो सापडला. ब्लॅक अँड व्हाइट, कबड्डीचा. एक तरुण चढाईला आलाय, अंग पुढे झोकलंय, तोंड ‘कबड्डी’च्या मध्यात उघडं, डोळे सताड. पाठीमागे सगळा काळोख आणि हा एकटा लखलखीत, कपाळावरचा घामाचा थेंबन् थेंब मोजून घ्यावा असा. फ्लॅशचा फोटो होता, म्हणजे तुमचा नाही, असं मी धरून चालले. दुसऱ्या कुणाचा का असेना, निदान आपल्या शोकेसमध्ये एक तरी धड फोटो असू दे, म्हणून मी त्याला फ्रेम करून दर्शनी भागात लावला. दुपारी तुम्ही जेवून आलात. शोकेससमोर उभे राहिलात. “हा इथे कुणी लावला?” एवढंच विचारलंत, आणि उत्तराची वाट न बघता काच सरकवून फ्रेम अशी ओढलीत की तिची काच फुटून तुमच्या तळव्यातून रक्त आलं. मला म्हणालात, “माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही.” त्या आवाजात तुम्ही माझ्याशी आधीही कधी बोलला नव्हतात आणि नंतरही नाही. मला वाटलं, दुसऱ्याचा चांगला फोटो तुम्हाला सहन झाला नाही. किती वर्षं मी हेच समजत होते!

आता आजचं सांगते. मुलींचा उपांत्य सामना होता. शेवटची चढाई, दोन्ही संघ बरोबरीत, मैदानातल्या पोरींकडे सगळे बघत होते, म्हणून मी लेन्स उलटी फिरवली आणि बाकावरच्या कोचवर धरली. अशा वेळी कोचचा चेहरा खेळापेक्षा जास्त बोलतो. पंचावन्नच्या पुढचा माणूस, पांढऱ्या मिश्या, गळ्यात शिट्टी. चांगले आठ-दहा फोटो आले. सामना संपल्यावर, पोरी त्यांना खांद्यावर घ्यायला बघत होत्या आणि ते पळत होते, तेवढ्यात मी खुर्चीतच बसून स्क्रीनवर फोटो तपासायला लागले. आमच्या धंद्यात तपासायचं म्हणजे डोळ्यावर झूम करायचं. डोळा शार्प असेल तर फोटो राहिला, नाहीतर गेला. मी झूम केलं. उजवा डोळा शार्प, डावाही शार्प, पण डावा चढाईकडे बघतच नव्हता. पुढचा फोटो बघितला, त्याच्या पुढचा बघितला. उजवा डोळा पोरीबरोबर सरकत होता आणि डावा जागच्या जागी.

“झूम करून काय बगतंस गो? काचेचा हाय त्यो.”

ते माझ्या खुर्चीमागेच उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सॉरी काका, सॉरी काका करत उठले तर त्यांनी मला खांद्याला धरून परत बसवलं आणि स्वतः शेजारी मॅटच्या गुंडाळीवर टेकले. “तू फोटोवाल्याची पोर ना? तोंडावरूनच वलखला. बापूस गेला तवा मी आलतो मयताला. तू मना बगितला नसशील.” मी म्हटलं, तुम्ही बाबांना ओळखायचात? तर हसले. “वलखायचा म्हंजे? त्याच्याच फ्लॅशनी तर गेला ह्यो डोला. तुला सांगितला न्हाय कंदी?”

बाबा, ते हे इतकं सहज बोलले! कुणी म्हणावं, तुझ्या बापाच्या दुकानातून मी चप्पल घेतली होती. मी विचारलं, म्हणजे काय, काका? “म्हंजे मी चढाईला गेलतो. लाइट कसली, शेजारच्या लूमच्या कारखान्यातून वायर वढून दोन हॅलोजन लावलेले. तुजा बापूस पार रेषेला टेकून बसला व्हता. फ्लॅश पडला नि सगला पांढरा झाला. मना वाटला लाइटच गेली. मी वलून मागं उडी टाकली ती डोला सरल एकाच्या गुडग्यावर.” मग म्हणाले, “मना तर कललाच न्हाय कशानी झाला. तुजा बापूसच हॉस्पिटलात आला नि बोलला, माझ्या फ्लॅशनी झाला. रडला बिचारा. मी बोललो, गप ऱ्हा, आमची पोरा तुला जित्ता सोडनार न्हाईत.”

समोर पोरी ढोल वाजवत होत्या, हायवेवरून कंटेनर जात होते. ते आपले बोलतच होते. दर रविवारी तुम्ही त्यांच्या ओटीवर येऊन बसायचात म्हणे. चहा प्यायचा, कुणाशी फारसं बोलायचं नाही, दिवेलागणीला उठायचं. त्यांच्या बायकोला तुम्ही ‘ते मुके पाहुणे’ म्हणून ठाऊक होतात. मला आईची आठवण झाली. बिचारी जन्मभर त्या मानकोलीवालीचा संशय घेत राहिली, आणि मानकोलीवाली म्हणजे हे, मिशीवाले!

मग त्यांनी ते विचारलं. “त्यो फोटो हाय का गो पोरी, तुज्याकडं? तवाचा? खेलताना दोन डोलं असलेला एक पन फोटो न्हाय माजा. लग्नाच्या फोटोत बी गॉगल घातलाय. नातू इचारतो, आजा, तू खरंच खेलायचास का. तुज्या बापसाला मागितला व्हता मी. त्यो बोलला, रोल खराब झाला.”

मला एका क्षणात कळलं, कोणता फोटो. तो माझ्याकडेच आहे, बाबा. आई गेल्यावर तुमच्या ट्रंकेत मिळाला, काच नसलेल्या फ्रेमसकट, आणि तो मी कॉलेजच्या तासाला नेते! मुलांना दाखवते. म्हणते, हे बघा, फ्लॅशने काय होतं. सगळं स्वच्छ दिसतं, पण माणूस दचकलेला वाटतो. पोरं हसतात. दर वर्षी हसतात. तो दचकलेला माणूस माझ्या शेजारी बसून माझ्या उत्तराची वाट बघत होता आणि त्याच्या त्या डोळ्याने शेवटचं पाहिलं तो क्षण मी घरी एका प्लास्टिकच्या फायलीत ठेवला होता. मी कॅमेऱ्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. आणि म्हणाले, “हो काका. रोल खराब झाला होता.”

ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. “त्यो पन असाच बोलला व्हता,” म्हणाले, “कॅमेऱ्याकडं बगत.” आणि पोरींकडे निघून गेले.

मी तुमच्यावर रागावू की स्वतःवर, हेच मला कळत नाही. तुम्ही त्यांना जाऊन सांगितलंत, ते माझ्याच्याने झालं असतं की नाही, शंका आहे. पण घरी का नाही सांगितलंत? मी तुमच्या भीतीला कला म्हणत राहिले. मी लांब बसून फोटो काढते, लोक विचारतात तेव्हा ऐटीत सांगते की बाबांची शिकवण आहे, आणि ती शिकवण म्हणजे एका माणसाचा गेलेला डोळा होता! मला ती काळी टेप दिसते आहे, नखाने दाबून बसवलेली. तुम्ही तो कॅमेरा देत असताना मी शेजारी बसून लाडू खात होते, आणि तुमच्याकडे एकदाही नीट बघितलं नाही.

उद्या अंतिम सामना आहे. काकांचा संघ आहे. फोटो फायलीतून काढून लेन्सच्या कप्प्यात ठेवणार आहे, चुरगळू नये म्हणून मागे पुठ्ठा लावून. रोल खराब नव्हता, काका, एवढंच म्हणेन आणि कॅमेऱ्याकडे बघणार नाही. त्यांना तो फोटो बघून काय वाटेल, मला माहीत नाही. तो त्यांचा चेहरा आहे, तुमचा नाही नि माझा नाही, आणि इतकी वर्षं तो आपण दोघांनी दाबून ठेवला. नातवाला दाखवतील किंवा फाडून टाकतील. कॉलेजच्या मुलांना काय सांगायचं ते नंतर बघू.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही, त्यामुळे एक गोष्ट लिहायला हरकत नाही. काकांना ती कधी सांगणार नाही. आज घरी आल्याबरोबर मी तो फोटो दिव्याखाली धरला. तेव्हा मला सगळं ठाऊक झालं होतं, कोण आहे, कधीचा आहे, पुढच्या क्षणाला काय झालं. आणि तरी, बाबा, मी आधी फोकस तपासला. दोन्ही डोळे शार्प आहेत.