द्वारकाबाईंनी सही करून घेतलेली अडतीस पाकिटे

प्रति,
मा. सहायक अधिकारी (अहवाल व निर्गम),
विभागीय थुंकी तपासणी केंद्र,
जालना.

अर्जदार : आकांक्षा भारत म्हस्के, बी.एस्सी. (सूक्ष्मजीवशास्त्र),
रा. लिंबाळा खुर्द, ता. घनसावंगी, जि. जालना.

विषय : चुकून आमच्या घरी दिलेले गोपनीय अहवाल परत नेण्याबाबत, तसेच माझ्या आईस आरोग्य अधिकारी या पदावरून मुक्त करण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज (उत्तर नाही).
२) आपले स्मरणपत्र, द्वारकाबाई म्हस्के यांच्या नावे.
३) आपली कारणे दाखवा नोटीस, त्यांच्याच नावे.

महोदय,

१. सोमवार, दि. २ डिसेंबर रोजी दुपारी मी कुंभार पिंपळगावहून घरी आले, तेव्हा आमच्या ओट्यावर पुढील वस्तू होत्या : साडीचे पार्सल एक, मोबाइलच्या कव्हराचे एक, फवारणी पंपाच्या नळीचे एक, आणि तोंडाला सुतळी बांधलेली जाड प्लास्टिकची पिशवी एक. ती कोणाची हे कळावे म्हणून मी सुतळी सोडली. आत एक पत्र व खाकी पाकिटे होती. प्रत्येक पाकीट डिंकाने बंद केलेले, मागे आपला गोल शिक्का, पुढे लाल शाईत ‘गोपनीय’. नाव एकावरही नाही, फक्त क्रमांक. मी ती तीन वेळा मोजली. एक ते अडतीस, मधला एकही क्रमांक गहाळ नाही आणि एकही दोनदा आलेला नाही. पत्र वाचल्यावर समजले की, गावात झालेल्या क्षयरोग शिबिरातील थुंकीच्या नमुन्यांचे हे अहवाल असून ते आरोग्य उपकेंद्रात द्यायचे होते. मी सुतळी पुन्हा बांधली.

२. ही चूक कशी झाली ते सांगणे आवश्यक आहे. माझी आई द्वारकाबाई ओट्यावर शिलाई मशीन चालवते, त्यामुळे दिवसभर घरी असते. म्हणून आमच्या गल्लीतील सर्व जण ऑनलाइन वस्तू मागवताना तिचाच मोबाइल क्रमांक देतात. पार्सल आणणारी मुले आता नाव वाचतही नाहीत. त्या दिवशी उपकेंद्राला कुलूप होते, कारण सिस्टर लसीकरणासाठी वाडीवर गेल्या होत्या. आपल्या वाहनचालकाने विचारले तेव्हा लोकांनी नेहमीचेच उत्तर दिले : “द्वारकामावशीकडं द्या, बराबर पोचतंय.” आईने सही केली. शेजारी ‘पदनाम’ असा रकाना रिकामा होता. रिकामी जागा सोडू नये असे तिला वाटते, म्हणून तिने तेथे ‘शिवणकाम’ असे लिहिले. तेव्हापासून आपली सर्व पत्रे ‘श्रीमती द्वारकाबाई म्हस्के, आरोग्य अधिकारी (शिवणकाम)’ या नावाने येत आहेत.

३. दुसऱ्याच दिवशी मी पिशवी उपकेंद्रात नेली. वंदना सिस्टर पिशवीपासून दोन पावले मागे सरकल्या व म्हणाल्या, “पोचपावतीवर माझं नाव न्हाई. मी हात लावला की मीच अडकते. तू घरी ने बाई, मी काही पाह्यलंच न्हाई.” त्यांची अडचण मला खोटी वाटत नाही. त्यानंतर मी पिशवी घेऊन आपल्या कार्यालयात आले. तेथील बाबूंनी संगणकात पाहून सांगितले की, अहवाल पोहोचले आहेत. मी म्हणाले, ते माझ्या मांडीवर आहेत. ते म्हणाले की, पोहोचलेले टपाल ज्यांनी घेतले त्या अधिकाऱ्यांनीच आपल्या कार्यालयाच्या छापील कागदावर, गोल शिक्क्यासह परत करावे लागते. आईकडे मशीन, कात्री व टेप आहे, शिक्का नाही, हे मी निदर्शनास आणले. त्यांनी अर्ज करण्यास सांगितले. मी अर्ज केला. उत्तर न आल्याने पुन्हा केला.

४. उशीर झाल्याने काय होत आहे, ते आता लिहिते. आमच्या भिंतीला भिंत लागून सगुणाबाई राहतात. त्यांचा खोकला दिवाळीपासून आहे. शिबिरात त्यांनी नमुना दिला. क्रमांकाची चिठ्ठी हरवू नये म्हणून त्यांनी ती आईकडे ठेवायला दिली. ती आईच्या बटणांच्या डब्यात आहे आणि तिच्यावर २७ हा आकडा आहे. मी त्यांना पिठाच्या गिरणीतील काट्यावर उभे करत असते. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांचे वजन ४१.२ किलो होते, गेल्या आठवड्यात ३८.९ भरले. याचा अर्थ काय असू शकतो हे मी शिकले आहे. तसा अर्थ नसूही शकतो, हेही शिकले आहे. सत्तावीस क्रमांकाचे पाकीट उघडल्याशिवाय यातले खरे काय ते ठरत नाही, आणि ठरल्याशिवाय औषध सुरू होत नाही. दुसरा नमुना घ्यावा अशी विनंती मी केली. परंतु संगणकात ‘अहवाल दिला’ असे दिसत असल्याने गावात दुसरा नमुना घेतला जात नाही. जालन्याला चला म्हटले, तर सगुणाबाई ऐकत नाहीत. त्यांचे शब्द : “माझा रिपोट दहा हातावर पडलाय. मंग थुकायसाठी मी जालन्यापस्तोर कशाला जाऊ?”

त्यांचा मुलगा अंगद रोज संध्याकाळी येऊन दारात उभा राहतो. तो भांडत नाही. एकदाच म्हणाला, “आकांक्षाताई, तुला वाचता बी येतं, त्यातलं कळतं बी. कड उचल, बघ, परत चिटकव. माय हाय वो माझी.” मी त्याला सांगितले की ते वाचण्याचा अधिकार मला नाही, आणि एक पाकीट फुटले की उरलेल्या सदतीस जणांच्या पाकिटांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. तो “बराबर हाय” म्हणाला व गेला. महोदय, याहून चांगले उत्तर मला सुचलेले नाही.

५. मी एकही पाकीट उघडलेले नाही, तरी मला सर्व काही माहीत आहे असे गाव धरून चालले आहे. वाटेत मी कोणाशी हसून बोलले तर त्याच्या घरी त्या रात्री आनंद असतो. विचारात असताना नजर एखाद्यावर जरा जास्त वेळ राहिली, तर तो माणूस तेथेच खाली बसतो. म्हणून मी आता खाली पाहून चालते, त्याचाही अर्थ लावला जातो. गल्लीतील प्रिया हिचे लग्न आष्टीच्या मुलाशी ठरले आहे. तिनेही शिबिरात नमुना दिला होता. तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी मला फोन करून “आमच्या सुनंचं कसंय?” एवढेच विचारले. मी “माहीत नाही” म्हणाले. त्यानंतर तारीख पुढे गेली आहे. ‘माहीत नाही’ हे माझे एकमेव खरे उत्तर आहे आणि ते कोणालाच खरे वाटत नाही.

६. दरम्यान आपल्या स्मरणपत्रात आई आढावा बैठकीस गैरहजर राहिल्याबद्दल नाराजी व्यक्त केली होती. तोंडी सांगितले तर साहेब ऐकतील, या आशेने आई ठेवणीतली साडी नेसून पुढच्या बैठकीस गेली. तेथे तिची सही घेण्यात आली. चहा, एक फोल्डर आणि पुढील तिमाहीचे दीडशे नमुन्यांचे उद्दिष्ट देण्यात आले. बोलण्यासाठी ती दोनदा उभी राहिली. दोन्ही वेळा तिला खाली बसून चर्चा ऐकण्यास सांगण्यात आले.

त्यानंतर संदर्भ क्र. ३ ची नोटीस आली. ‘सदर अहवाल संबंधित रुग्णांस तात्काळ देण्यात यावेत व तसे या कार्यालयास कळवावे, अन्यथा कारवाई करण्यात येईल.’ आईचा चष्मा सापडत नव्हता म्हणून रात्री मी ती तिला वाचून दाखवली. तिने विचारले, “तात्काळ म्हंजी?” मी म्हणाले, लगेच. “आन् हुकूम कुनाचा?” मी आपले पदनाम सांगितले. ही नोटीस चुकीच्या माणसाला आली आहे, ती तुला लागू होत नाही, हे मी तिला समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “सही तर माझीच हाय ना.” आणि राहिलेले काज करायला बसली.

७. तरी विनंती अशी की, आपल्या कार्यालयाने एक माणूस पाठवून पाकिटे मोजून घ्यावीत व पोच द्यावी. ते शक्य नसल्यास सदर अर्जासोबत जोडलेली पाकिटे स्वीकारावीत. माझ्या आईचे नाव व उद्दिष्ट आपल्या यादीतून कमी करावे. सगुणाबाईंचा दुसरा नमुना घेण्याचा आदेश उपकेंद्रास द्यावा, ही विनंती मी काल रात्री येथवर लिहिली होती. आज पहाटे अंगद सगुणाबाईंना मोटारसायकलवर मागे बसवून, शालीने स्वतःच्या कमरेला बांधून जालन्याकडे गेला, असे समजले. आई नेहमीप्रमाणे मशीनवर बसली आहे. बटणांचा डबा तिच्याजवळ उघडा आहे. अर्जास जोडण्यापूर्वी मी पाकिटे पुन्हा तीन वेळा मोजली.

आपल्या पोचपावतीच्या प्रतीक्षेत,
आकांक्षा भारत म्हस्के
लिंबाळा खुर्द, दि. २८ जानेवारी २०२५

सोबत :
१) कारणे दाखवा नोटीस, मूळ प्रत.
२) बैठकीत मिळालेले फोल्डर, उद्दिष्टाच्या कागदासह.
३) बंद पाकिटे : क्रमांक १ ते २६ आणि क्रमांक २८ ते ३८. एकूण सदतीस.