ज्याचं पचतंय त्याचं

आबा, काल मी लेकीशी बोलले. नऊ दिवस आम्ही एकाच घरात मुक्यानं वावरत होतो. बँकेतली नोकरी सोडून मातीची भांडी घडवायची म्हणाली, तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "एवढं शिकून शेवटी चिखलच कालवायचा होता व्हय?" तेव्हापासून ती माझ्याकडं बघत नव्हती. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. असता तर मला कधीच टोकलं असतंत.

कोल्हापुरातल्या तीन बोर्डिंगांत तुम्ही आचारी होता. आधी जैन मुलांच्या, मग मुसलमान मुलांच्या, शेवटी लिंगायत मुलांच्या. प्रत्येक ठिकाणाहून वागण्याची एखादी रीत घरी यायची. पाणी गाळायचं, पण गाळण्यातला जीव परत पाण्यात सोडायचा. आपल्या कालवणाचा वास शेजारी गेला तर वाटीही गेली पाहिजे. कुठल्या कामाला हलकं म्हणायचं नाही. आत्या एकदा वैतागली, "दादा, ह्या घरात नक्की चालतंय तरी कुणाचं?" तुम्ही भाकरी थापता थापता म्हणालात, "ज्याचं पचतंय त्याचं."

मी नववीत असताना ताईशी अबोला धरला होता. चौथा दिवस. तुम्ही मला चुलीपुढं बसवता, ताट वाढता आणि मी घास उचलणार तेवढ्यात माझा हात धरता.

"तीन दिस झालं. आमच्या बोर्डिंगातलं मौलवी सांगत्यात, त्याच्याफुडं अबोला न्हाय चालत. आधी बोलंल त्यो मोठा."

"चूक तिची हाय."

"असंल की. म्हणून तर तुला मोठं व्हायला मिळतंय."

मी रडतच ताईला हाक मारली. आमटी गार झाली, तरी आम्ही दोघी बसेपर्यंत तुम्ही जेवला नाहीत.

काल मी लेकीच्या खोलीत गेले. "चिखल म्हणाले, ते चुकलं माझं," म्हटलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आबांचे तीन दिवस तुला मोजता येत नाहीत, आई," आणि हसली. नोकरी तिनं सोडलीच. मला ते अजून पुरतं पचलेलं नाही; पण आज तिच्या वाकड्या वाडग्यात दही लावलंय.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. दिवस मावळल्यावर तुम्ही काही खात नव्हता. पहिल्या बोर्डिंगापासूनची सवय. शेवटच्या आजारातही तेच. त्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. मी खिडकीचा पडदा ओढला, दिवा लावला आणि पेज घेऊन बसले. तुम्ही विचारलंत, "दिस हाय अजून?"

"हाय की," मी म्हणाले.

तुम्ही चार चमचे घेतलेत आणि माझ्या हातावर थोपटलंत. तुम्हाला कळलं असावं, असं वाटतं. बाहेर अंधार पडून तास झाला होता, आबा. त्या खोट्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.