एका बादलीचा श्लोक

प्रिय यशपाल,

केशवापूरहून रायापूरला पत्र पोचायला तीन दिवस लागतात आणि बसला अर्धा तास, हे मला ठाऊक आहे. पण फोनवर आपण दुसऱ्याच मिनिटाला भांडतो, आणि पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही. तेव्हा मुकाट्याने वाच. आधी महत्त्वाचं सांगतो: चांदणी जिवंत आहे. होय, तीच घोडी. तुझ्या वरातीत ताशाला न बुजता चाललेली आणि तू उतरल्यावर तुझ्या गळ्यातला हार खाऊन टाकलेली.

अडीच महिन्यांपूर्वी आपल्या घरामागच्या नागोजीने जत्रेतून बिजली नावाची तिसरी घोडी आणली. लग्नसराई तोंडावर, दोन घोड्यांवर भागत नाही म्हणे. त्याची रीत तुला माहीत आहे: नवं जनावर आलं की पहिलं गुळाचं पाणी जुन्यांच्याच बादलीतून, म्हणजे ते घरचं होतं. मी बाजेवर बसलो होतो. मला त्या दृश्याचं इतकं कौतुक वाटलं की एका पात्रातून पिणाऱ्यांत वैर राहत नाही, अशा अर्थाचा श्लोकच मी जागेवर रचला. वृत्त निर्दोष होतं. पाणी नव्हतं. बिजलीचं नाक गळत होतं, पण नागोजी म्हणाला, "प्रवासाची सर्दी आहे हो सर," आणि मी कवी असल्यामुळे मला पटलं.

बाराव्या दिवशी चांदणीने चंदी सोडली. अंग तापलेलं, नाकातून पिवळा शेंबूड, जबड्याखाली लिंबाएवढी गाठ. नागोजीची दुसरी घोडी, राणी, खोकू लागली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर जयलक्ष्मी आल्या. वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या, आणि त्यांच्यासारख्याच मला न घाबरणाऱ्या. म्हणाल्या, बहुतेक स्ट्रँगल्स आहे, घोड्यांच्या घशाचा आजार, उष्ट्या पाण्यातून पसरतो, पण बरा होतो. मात्र ग्लँडर्स हा जीवघेणा रोग नाही ना, हे तपासावं लागेल. तो निघाला तर कायद्याने जनावर मारून पुरावं लागतं. नागोजीने विचारलं, "तिघींनाही?" त्या म्हणाल्या, "जिच्या रक्तात सापडेल तिला." तो चांदणीची आयाळ विंचरत राहिला, विंचरलेलीच पुन्हा.

रक्त तपासायला हरियाणातल्या प्रयोगशाळेत गेलं, आणि डॉक्टरांनी तिघींच्या बादल्या, लगाम, खरारे वेगळे करायला लावले. चांदणीला पार त्या टोकाला, निळ्या बादलीसकट. इथे मी भांडलो. होय, सरकारी डॉक्टरांशी, शेणात उभा राहून. अप्पांना त्यांच्या गावच्या हॉटेलात बाहेर खुंटीवर अडकवलेल्या कपातून चहा मिळायचा, तो कप त्यांनाच विसळून ठेवावा लागायचा, हे आपण दोघांनी किती वेळा ऐकलंय. त्याच रागाने त्यांनी मला संस्कृत शिकवलं. वेगळं भांडं म्हटलं की माझं डोकं फिरतं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, हलकी समजून वेगळं पाणी देत नाही री मी तिला. सगळ्याजणी बऱ्या व्हाव्यात म्हणून देते." यशा, सत्तावीस वर्षं शिकवतोय, पण त्या दिवशी शिकलो, आणि निळी बादली मीच उचलून त्या टोकाला नेली.

अकरा दिवस अहवालाची वाट पाहिली. शाळेआधी मी गाठीला शेक द्यायचो, नागोजी गरम कोंड्याची पेज भरवायचा. माझ्या अंगाला घोड्याचा वास येतो म्हणून नववीचा वर्ग खिडक्या उघडून बसायचा. नवव्या दिवशी गाठ फुटून पू वाहिला. इतक्या घाणेरड्या दृश्याने दोन प्रौढ माणसं एवढी आनंदलेली तू पाहिली नसशील. मग अहवाल आला: ग्लँडर्स तिघींनाही नाही. नागोजीने पेढे वाटले, डॉक्टरांनी आधी त्याला हात धुवायला लावले.

आता नाकातले नमुने तीनदा स्वच्छ आले आणि तिघी पुन्हा शेजारी बांधल्यात. बादल्या मात्र तीनच राहणार, डॉक्टरांचा हुकूम आहे. नागोजीला भीती होती की आता लाथा झाडतील. छे! चांदणी निळ्या बादलीतून पाणी पिते आणि बिजलीच्या मानेवर मान टाकून डुलक्या घेते. माझ्या श्लोकाची तिने दखलच घेतली नाही.

तू वेगळं बिऱ्हाड केलंस तेव्हा मी तुला काय काय सुनावलं ते आठवतं. योगिताची नोकरी तिकडे, रोजची बसची दगदग, हे तू सांगत होतास आणि मला खुंटीवरचा कप दिसत होता. अव्वाचं चहाचं पितळी पातेलं तू मागितलंस, ते मी दिलं नाही. तुमच्या गृहप्रवेशाला मान आखडल्याचं सांगितलं. मान ठणठणीत होती. काल ते पातेलं कल्हई करून आणलं, तुझी वहिनी पिशवीत भरून दाराशी ठेवून बसली आहे. रविवारी सकाळच्या बसने घेऊन येतो. चूल तुमची, पातेलं तुमचं. मी नुसता चहा पिणार, आणि साखर कमी पडली तरी बोलणार नाही. बहुतेक.

तुझाच,
ठणठणीत मानेचा अण्णा