दप्तरातली तीनशे दहा ग्रॅमची तूट

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे निम्माच वाकलो आहे, उरलेला मनाने घ्यावा). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींनी खोकला गेल्याचं स्वतः फोनवर सांगितलं, पण सांगताना दोनदा खोकले, त्यामुळे त्या बातमीवर मी अजून शिक्का मारलेला नाही. आम्ही सगळे खुशाल आहोत. निदान दिसतो तरी तसे.

सांगायचं ते असं की गेल्या महिन्यात आमची खारू एकाएकी चांगली वागायला लागली. आठ वर्षांची, तिसरीतली मुलगी बूट जोडीने ठेवू लागली, दप्तर स्वतः भरू लागली, आणि एके दिवशी तर जेवून आपली ताटली आपणच धुऊन ठेवली. आमच्या हिला कौतुक वाटलं. मला घाम फुटला. तुला माझा धंदा माहीत आहे. वीस वर्षं दुकानोदुकानी वजनकाटे तपासत हिंडतोय. जो दुकानदार मी दारात दिसताच खुर्ची पुसतो, त्याचा काटा मी आधी उलटा करून बघतो. ताटली धुणारी मुलगी ही त्याच जातीची गोष्ट.

त्यात सगळ्यात संशयास्पद म्हणजे तिचं पोट दुखायचं थांबलं. हे जरा उलगडून सांगतो. पहिल्या पालकसभेत तिच्या बाईंनी सांगितलं होतं की खारू वाचनात मागे आहे, घरी रोज थोडं मोठ्याने वाचून घ्या. ते काम मी अंगावर घेतलं. रोज संध्याकाळी अर्धा तास ती वाचायची आणि मी शेजारी बसून पेन्सिलीच्या टोकाने शब्द दाखवायचो. चुकली की तिथल्या तिथे थांबवायचो आणि चूक एका वहीत तारीखवार लिहायचो (चारशे बारा झाल्या होत्या, सोबत काना, वेलांटी, जोडाक्षर अशी वर्गवारी). दहाव्या मिनिटाला तिचं पोट दुखायला लागायचं, ते थेट जेवणाच्या हाकेपर्यंत. आणि आता म्हणे, "बाबा, आज शाळेतच वाचून झालं," आणि दप्तर पाठीला लावून खाली खेळायला पसार. खेळायला चेंडू नेतात, दोरी नेतात. दप्तर कोण नेतं?

मी तपास हाती घेतला. सरकारी तपासणीची वजनं रीतसर कपाटात असतात, पण माझा स्वतःचा एक ताणकाटा आहे. डबा, पाण्याची बाटली काढून दप्तर सकाळी त्याला टांगलं, तीन किलो दोनशे. संध्याकाळी ती खालून परत आल्यावर पुन्हा टांगलं, तर तीनशे दहा ग्रॅम कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टांगलं, तूट तशीच. पुस्तकं एकेक काढून लावली तेव्हा कळलं, वाचनाचं पुस्तकच गायब. हे सगळं मी जमिनीवर पसरून बसलो असताना ही आत आली आणि म्हणाली, "मुलगी आहे ती, माल नाही." मी म्हटलं, पुस्तक गेलं कुठे? त्यावर ही म्हणाली, तिलाच विचार. (साक्षीदाराला आधी सावध करायचं नसतं, एवढंही या घरात कुणाला कळत नाही.)

मग बाईंना भेटलो. बाई म्हणाल्या, खारू थोडी सुधारली आहे, परवा वर्गात आपणहून हात वर केला. मी ओळखलं, बाई तिला पाठीशी घालताहेत. माझी चुकांची वही मी पुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली, परत मागे गेल्या, आणि विचारलं, "आणि बरोबर किती शब्द वाचले?" ते मी लिहिलेलं नव्हतं. कुठलाच रकाना नव्हता त्याला. मी घाईघाईने वही परत घेतली.

खरा धागा मिळाला तो अक्षरशः धागा होता. खारूच्या मोज्यांना निळे, पिवळे दोरे चिकटलेले आणि खिशात चार भोकांचं बटण. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी आहेत. एक मशीन, एक कापायचं टेबल आणि माप घालून बघायला कोपऱ्यात पडदा. या बाई लहान मुलीकडून काजं-बटणं करून घेत असणार, असा मी तर्क बांधला. लगेच कामावरून लवकर निघालो, अंगातली पॅन्ट लांब होते असं निमित्त केलं आणि दुकानात शिरलो. मावशी म्हणाल्या, पडद्यामागे जा आणि काढून द्या, दहा मिनिटांचं काम. दिली. आता मी पडद्यामागे, शर्ट आणि मोजे एवढ्यावर, आणि त्याच क्षणी दारातून खारूचा आवाज. (मावशींनी हे मुद्दाम केलं असा माझा संशय आहे. त्या अजून कबूल करत नाहीत.)

ताई, ती वाचायला बसली. पुस्तक तिथेच मशीनच्या खणात ठेवलेलं होतं. मावशींना आकडे येतात, मापापुरते, पण अक्षरओळख नाही. खारू वाचत होती, मशीन चालू होतं, आणि मावशी मध्येमध्ये फक्त "मग?" म्हणत होत्या. गोष्ट समुद्रावरच्या कोळ्याची होती. खारू अडखळायची, मागे जायची, पुन्हा धरायची. पोटाचं नाव नाही. मी पडद्याला कान लावून उभा होतो आणि मला कबूल केलं पाहिजे, कोळ्याचं पुढे काय होतं हे मलाही हवं होतं. तेवढ्यात तिने वाचलं, "त्याची नाव बादलीत सापडली."

मावशी म्हणाल्या, "एवढी मोठी बादली?"

खारू थांबली. ती परत त्या शब्दाकडे जात होती, हे मला आता कळतं. पण वीस वर्षांची सवय तोंडातून निसटली. "वादळात!" पडदा म्हणाला.

मशीन थांबलं. मग अगदी हळू आवाजात, "बाबा, तू आत आहेस?"

मी मावशींकडे पॅन्ट मागितली. ती येईपर्यंतची दोन मिनिटं माझ्या नोकरीतल्या कुठल्याही चौकशीपेक्षा लांब होती. बाहेर आलो तर खारू पुस्तक मिटून बसलेली. मी विचारलं, घरी का नाही वाचत? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशींना गोष्ट हवी असते. तुला कुठे हवी असते?"

दुसऱ्या दिवशी तिचं पोट दुखलं. तिसऱ्या दिवशीही. ती खाली गेली नाही, बूट दाराशी उलटेपालटे पडलेले. पूर्वी मला यात समाधान वाटलं असतं, संशय मिटला म्हणून. चौथ्या दिवशी मी एकटाच मावशींकडे गेलो आणि काय करू ते विचारलं. त्यांनी एक जुना कोट माझ्या मांडीवर टाकला, हातात उसवणी दिली आणि सांगितलं, पोरीला मी बोलावते, तुम्ही शिवण उसवा, ओठावर शब्द आला की टाके मोजा. खारू आली. अट तिने घातली, बाबाने बोलायचं नाही, "हं"सुद्धा नाही. मी मान हलवली. पहिल्या दिवशी दोन्ही बाह्या उसवून झाल्या (उसवायची एकच होती). आठवडाभर असंच चाललं. परवा ती एका जोडाक्षरापाशी अडली, दोनदा प्रयत्न केला, आणि पुस्तक माझ्याकडे वळवून म्हणाली, "बाबा, हा काय शब्द आहे?" मी इतका बावचळलो की परवानगीसाठी आधी मावशींकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मग सांगितला. एकच शब्द. ती पुढे गेली.

चुकांची वही बंद केली आहे. जाळली वगैरे नाही, सरकारी माणूस आहे मी. भाऊजींना नमस्कार, खोकल्याचं खरं काय ते तू कळव.

तुझा धाकटा

ताजा कलम : पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. याच पाकिटात दुसरा कागद आहे, तो खारूने आपल्या हाताने तुला लिहिला आहे. चौतीस वर्षं मुलांना शिकवून तू निवृत्त झालीस, आणि वसतिगृहात असताना माझं प्रत्येक पत्र चुकांवर लाल गोल करून तू परत पाठवायचीस, ती सगळी मी जपून ठेवली आहेत, राग म्हणून नव्हे. पण हे पत्र परत पाठवू नकोस. लाल पेन भाऊजींकडे दे आणि त्यांना बाहेर पाठव. उत्तरात एवढंच विचार, मग?

आणखी एक : तिच्या पत्राला मी अजिबात हात लावलेला नाही.

(याखाली पेन्सिलीने) आत्या बाबाने हळुच एक अनूस्वार दीला आहे. मी बगीतलं. तो खोडु नकोस त्याला वाइट वाटेल.