दुसऱ्या ठिपक्याआधी

मी, चित्रपटगृहातल्या ऑपरेटरची विधवा, सत्तरी गाठत आलेली, पूर्ण शुद्धीत आणि समजून-उमजून हे लिहिते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भीती मात्र आहे, आणि ती लपवून खोटे लिहिणार नाही.

राहते घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या आणि खालचे दालन, माझ्यामागे माझ्या भाचीला, म्हणजे वारलेल्या नणंदेच्या मुलीला मिळावे. चित्रपटगृह बंद पडले तेव्हा यांनी दोन्ही प्रोजेक्टर घरी आणले. तेव्हापासून दर रविवारी दुपारी आम्ही या दालनात जुने, काळे-पांढरे गुन्हेपट दाखवतो. यंत्रे आणि रिळांचे डबेही तिचेच.

भाचीने एकदा विचारले होते, “मामी, या अंधाऱ्या सिनेमांना अजून इतकी माणसं कशी येतात गं? शेवट तर सगळ्यांना पाठ आहे!” तेव्हा मी हसण्यावारी नेले. आता उत्तर देते. त्यांतला खुनी भिंतीवरून उडी मारून येत नाही. तो पुढच्या दाराने येतो, चहा घेतो, तब्येत विचारतो. ही भीती ज्याच्या-त्याच्या घरात असते. म्हणून ते जुने होत नाहीत. मी अक्षरे शिकले तीही याच सिनेमांत पडद्याच्या तळाशी येणाऱ्या भाषांतराच्या ओळी वाचून. माझी पुस्तके वाचनालयाला द्यावीत.

रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसरे यंत्र सुरू करायचे, दुसऱ्याला चित्र त्यावर घ्यायचे. हे गेले त्या दिवशी मी मागच्या रांगेत होते. पहिला ठिपका आला, दुसरा आला, आणि पडदा कोरा पांढरा झाला. लोक शिट्ट्या मारू लागले. मी मात्र जिन्याकडे, वर यंत्रांपाशी असलेल्या यांच्याकडे धावले. तेव्हापासून माझी नजर कोपऱ्यातच असते.

माझे धाकटे दीर महिन्यापासून वारंवार येतात. म्हणतात, “वहिनी, एकट्या राहता. उद्या काही बरंवाईट झालं तर? माझ्याशिवाय आहे कोण तुम्हाला?” मूल नाही, तेव्हा कागद केला नाही तर घर त्यांच्याकडेच जाणार. दोनदा ते जाताच जिन्यातला दिवा सैल करून ठेवलेला सापडला. मी आरोप करत नाही. दिवा आपोआपही सैल होत असेल. पण मी आता कठडा धरूनच उतरते.

सिनेमातल्या बायका इथेच फसतात. मृत्युपत्र करतात आणि कपाटात दडवतात. ज्याला कळायला हवे त्यालाच कळत नाही. म्हणून हा कागद मी आज खेळाआधी, दालन भरलेले असताना वाचून दाखवणार आहे. दिरांना साक्षीदार म्हणून बोलावले आहे. माझ्या मरणाने त्यांच्या हाती काही लागणार नाही, हे त्यांना माझ्या जिवंतपणीच कळावे.

अगदीच काही नाही असेही नाही. खांबामागची खुर्ची त्यांना द्यावी. तिथून अर्धाच पडदा दिसतो. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच सिनेमात दिरांनी “खुनी तो डॉक्टर!” असे ओरडून सांगितले होते. ते मी अजून विसरलेले नाही.

मी कशीही गेले तरी आपल्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी पाहिल्याशिवाय मला हलवू नये.

पहिला ठिपका मला दिसला आहे. दुसऱ्याची वाट बघत बसणार नाही.

स्थळ : खालचे दालन, दिवे चालू ठेवून
दिनांक : आजचा रविवार, दुपारच्या खेळाआधी
सही : ऑपरेटरची बायको

साक्षीदार पहिल्या : डॉक्टरीणबाई. मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्यांची बुद्धी स्थिर होती.

साक्षीदार दुसरे : धाकटे दीर. सगळे ऐकले, सही केली. वहिनी, जिन्यातला दिवा आजच घट्ट बसवून देतो.